वकिलाची नजर

धनी गेलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत रात्री बघायचं नाही, असा नियम काकांनी घरात घालून दिला होता. का, ते विचारायचं नाही, हे त्या नियमाचंच शेपूट.

बाबांना जाऊन महिना झाला होता. कुत्रा बाबांचा. नाव वकील, कारण भुंकून वेळ घालवणं त्याला माहीतच नव्हतं. समोर बसून डोळ्याला डोळा लावायचा, मग बिस्किटांच्या डब्याकडे बघायचा, मग परत डोळ्यांत, आणि खटला जिंकायचा. बाबा गेल्यापासून मात्र तो दिवेलागणीनंतर रिकाम्या जागांकडे बघत बसायचा. आईच्या डोळ्याला डोळा लागेना. म्हणून रविवारी सकाळी काकांच्या ओळखीचा टेम्पोवाला येऊन त्याला लांबच्या कुठल्याशा शेतावर सोडणार होता. हे ठरलं तेव्हा धाकटी लेक कॉलेजात होती. तिला कुणी विचारलं नाही.

पण ती विचारल्याशिवाय राहणारी नव्हती. शनिवारी रात्री जेवणं उरकून सगळे बाहेरच्या खोलीत टेकले, छोटा दिवा तेवढा चालू होता, आणि तिने ‘का’ ते विचारलंच. आत्याच्या कपाळाला आठी पडली. काकांनी घसा खाकरला. दोन्ही चुलतभाऊ लगेच पुढे सरकले, कारण काकांनी घसा खाकरला की गोष्ट ठरलेली.

हे म्हणे काकांच्या चष्मेवाल्याच्या बाबतीत घडलं होतं. ऐकीव नाही, त्याने स्वतः सांगितलेलं. मागच्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. दुकान बंद करताना एक चष्मा पोचवायचा राहिला होता, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मास्तरांचा. मास्तर एकटे, सोबतीला एक कुत्री. चष्मेवाला रमतगमत गेला तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मास्तर सकाळीच वारले, दवाखान्यात. कुत्री पायरीवर बसून होती. त्याला दया आली. चष्मा खिशात आणि कुत्री मागोमाग, असा तो घरी आला.

चांगलंच केलं की मग, असं धाकटी पुटपुटली. काकांनी तिला जरा तोंडाला कुलूप लावायला सांगितलं.

रात्री चष्मेवाला एकटाच जेवायला बसला. कुत्री समोर. त्याच्या डोळ्यांत बघत होती. मग तिने नजर उचलली. जराशीच. त्याच्या खांद्याच्या वर, मागे. मग परत त्याच्या डोळ्यांत.

आता चष्मेवाल्याचा धंदाच नजरेचा. काचेवर बुबुळाची खूण करण्यात हयात गेलेली. कोण भिंतीकडे बघतंय आणि कोण कुणाच्या डोळ्यांत, हे त्याला लांबून कळतं. भिंतीवरची नजर सैल असते. ही सैल नव्हती. ही कुणाच्या तरी डोळ्यांत… होती.

घास हातातच राहिला. कुत्रीने शेपूट हलवलं. त्याच्याकडे बघून नाही.

परत त्याच्या डोळ्यांत. परत मागे. दाखवत होती. रिकामं भांडं मास्तरांना दाखवायची, तसंच.

"मग?" धाकटा चुलतभाऊ कुजबुजला.

"मग… बघितलं त्याने."

काका थांबले. आत कुठेतरी नळ ठिबकत होता.

"काही नाही दिसलं. खोली. भिंत." त्यांचा आवाज उतरला. "पण सकाळी टेबलावर चष्मा होता. उघडा. डावी काडी वाकवलेली. मास्तरांचा डावा कान थोडा खाली होता. काडी त्या कानाला जुळवायची राहिली होती. आणि माणूस समोर बसल्याशिवाय… ती जुळवता येत नाही."

"कुत्रं एकटं येत नाही, पोरी," काका म्हणाले. "ते ज्या गेलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघतं, त्याला धरून ठेवतं. म्हणून म्हणतो, जाऊ दे त्याला."

धाकटीला काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. चष्मेवाल्याने झोपेत स्वतःच काडी वाकवली असेल, असं. पण खोलीत एक बारीक आवाज येत होता. टप… टप… शेपूट फरशीवर आपटत होतं.

वकील कोचासमोर बसला होता. कोचाच्या एका टोकाला आई, मान खाली घालून. बाकी कोच रिकामा. वकिलाची मान वर होती.

धाकटी उठली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. आत्याने तिला नियमाची आठवण करून दिली. तिने ऐकलं नाही.

वकिलाने तिच्या डोळ्यांत बघितलं. मग आईच्या शेजारच्या जागेकडे. मग परत तिच्या डोळ्यांत.

नजर सैल नव्हती.

तिने मान वळवली. तिथे बघितलं तर काहीच नव्हतं. कोचाचं कापड. भिंत. वकील पुन्हा तिच्याकडे बघत होता. धीराने, बाजू मांडताना बघायचा तसा.

"काका," ती म्हणाली. आवाज कापत होता आणि तिने तो कापू दिला. "तुमचं सगळं खरं धरते मी. आता एवढंच सांगा. उद्या सकाळी टेम्पोत तुम्ही कुणाला बसवून देताय?"

काकांची नजर कोचावरच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"ज्याला भीती वाटते त्याने दुसऱ्या खोलीत झोपावं. वकील कुठेही जाणार नाही," धाकटी म्हणाली.

आईने पहिल्यांदाच मान वर केली. शेजारच्या जागेकडे न बघता, हळूच, ती कोचावर थोडी सरकली. जागा करून द्यावी तशी.

वकिलाने डोळे अर्धवट मिटले.

खिडक्या बंद होत्या. पंखा बंद होता. त्याच्या दोन कानांमधले केस दबले… आणि हळूहळू, कपाळापासून मानेपर्यंत, मागे सरकत गेले.