डावऱ्याची खूण

जुनी गाडी सुरू होत नसेल तर तिच्याकडे तीनच सबबी असतात. पेट्रोल पोचत नाही, करंट पोचत नाही, नाहीतर हवा कोंडली आहे. हे मूळ म्हणणं उस्तादांचं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डावऱ्याने मात्र गेली वीस वर्षं ते गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवलं होतं आणि त्यावर बरंच नावही कमावलं होतं.

त्यामुळे उस्तादांच्या पत्नीचा, काकूंचा, फोन आला तेव्हा नाही म्हणायची सोयच नव्हती. उस्तादांना जाऊन दीड महिना झाला होता. काकू आता कायमच्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. लेक पाच वाजता येणार, सामान आणि आई उस्तादांच्याच जुन्या गाडीत घालणार आणि जाणार. आणि नेमकी गाडी सुरू होत नव्हती.

"दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी," काकू म्हणाल्या. "तूच ये."

डावरा हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवत होता तेव्हा बायको दारात आली.

"अहो, आम्हालाही भेटायचं होतं काकूंना. व्हॅन घेऊन आपली लेक आणि मी आलो असतो मागून. पण ब्रेक मारला की मागच्या डाव्या चाकाची होणारी खरखर तुम्ही अजून बघितली नाहीत. चार दिवस सांगतेय."

"आल्यावर बघतो. तोवर व्हॅन काढायची नाही."

"काढतेय कशाला? तुमची खूण दिसल्याशिवाय मी चावीला हात लावत नाही, माहितीय ना?"

ते खरंच होतं. खूण ही उस्तादांच्या गॅरेजची शिस्त होती. जो भाग उघडून, बघून, खात्री करून घेतला त्यावर खडूने बरोबरची खूण करायची. न बघता खूण करणं म्हणजे, उस्तादांच्या भाषेत, खोटी साक्ष देणं. डावऱ्याने स्वतःचं गॅरेज काढल्यावरही ती शिस्त सोडली नाही. फक्त त्याची खूण जगावेगळी होती. तो डावखुरा, त्यामुळे खुणेचं शेपूट सगळ्यांसारखं उजवीकडे न जाता डावीकडे वर जायचं. त्यावरूनच उस्तादांनी त्याला डावरा म्हणायला सुरुवात केली आणि मग आईवडिलांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डापुरतंच उरलं.

काकूंचं घर लांबलचक उताराच्या अगदी तळाशी होतं. उतार संपतो तिथे कुंपणाची दगडी भिंत, भिंतीला लागून फाटक, आणि फाटकाच्या आत पत्र्याच्या छपराखाली गाडी. गाडी अठ्ठावीस वर्षांची होती, पण उस्तादांनी तिला असं ठेवलं होतं की नव्या गाडीने मान खाली घालावी. घरातून खोकी ओढल्याचा आवाज येत होता. खिडकीतून काकूंनी हात केला.

डावऱ्याने बॉनेट उघडलं आणि चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, इंजिन गरगरलं, पण पेट घेईना. म्हणजे बॅटरी ठणठणीत. त्याने बॅटरीवर खूण केली, सेल्फवर केली. एक प्लग काढून तारेला लावला, बॉडीला टेकवून पुन्हा सेल्फ मारला. निळाशार करंट तडतडला. चारही प्लगांना तसाच. खूण. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली, तर पेट्रोलची पिचकारी उडाली. खूण. हवेची जाळी स्वच्छ. खूण. आतला दाब बघायला प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, इंजिनने तो फटकन उडवून लावला. खूण.

सगळं नीट जोडून त्याने चावी फिरवली. इंजिन गरगरत राहिलं. पेट नाही.

"अगं, हवंय तरी काय तुला?" तो पुटपुटला. गाड्यांशी तो बायकोपेक्षा जास्त बोलतो अशी घरी तक्रारच होती.

पेट्रोल आहे, करंट आहे, हवा आहे. तिन्ही सबबी संपल्या होत्या. त्याने कपाळ पुसलं, घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. आपलं काही सुटलंय का म्हणून तो एकेक खूण मोजायला वाकला, आणि एक खूण जास्त निघाली.

ती ब्रेक ऑइलच्या डबीवर होती.

ब्रेकचा आणि गाडी सुरू होण्याचा काडीचाही संबंध नाही. त्या डबीला त्याने हात लावलेला नव्हता. पण खूण ताजी होती, आणि तिचं शेपूट डावीकडे वर गेलं होतं. हात सवयीने फिरला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि फडक्याने ती पुसून टाकली.

मग तो पुन्हा पहिल्यापासून निघाला. पॉइंट उघडले, घासले, फट मोजली. प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून उजेडात धरलं. प्रत्येक तार ओढून बघितली. मान अवघडली, बनियन पाठीला चिकटलं. अंगात एक विचित्र चुळबुळ शिरली होती. उभं राहिलं तर बसावंसं वाटे, बसलं तर उठून फाटकापर्यंत जावंसं वाटे. तो दोनदा फाटकापर्यंत जाऊनही आला. उतारावर चिटपाखरू नव्हतं. आत काकू फोनवर लेकीशी बोलत होत्या, हळदीच्या डब्यापासून गॅसच्या नळीपर्यंत काय काय नेऊ म्हणून विचारत होत्या.

परत येऊन बघतो तर डबीवर खूण होती.

त्याने खडू कुठे आहे ते बघितलं. खडू पिशवीत होता आणि पिशवीची चेन बंद होती. काकूंचा आवाज अजून आतूनच येत होता. त्याने फडकं पेट्रोलमध्ये बुडवून डबी खसखसून पुसली. प्लास्टिक चकाकलं. मग चार पावलं मागे सरून तो डबीवर नजर लावून उभा राहिला. चांगली पाच मिनिटं. काही झालं नाही. स्वतःवरच चिडून तो दार उघडायला वळला, तेव्हा त्याला पुढचं डावं चाक दिसलं. चाकाच्या टोपीवर, बरोबर मधोमध, डावीकडे झुकलेली खूण.

 जे त्याने बावीस वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं ते उसळी मारून वर आलं.

तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. एका शिंप्याची गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. संध्याकाळी बायकोला सिनेमाला न्यायचं कबूल केलेलं, आणि घड्याळ पुढे पळत होतं. तीन चाकं त्याने उघडली, नळ्या तपासल्या, खुणा केल्या. चौथं, मागचं डावं, राहिलं होतं. तीन चांगली निघाली, चौथ्याला काय होणार आहे? त्याने चौथ्यावर नुसतीच खूण केली, हात धुतले आणि सिनेमाला गेला. दुसऱ्या दिवशी शिंप्याची गाडी उतारावर थांबलीच नाही. शिंपी गेला.

चेपलेली गाडी बघायला उस्तादांना बोलावलं तेव्हा डावरा फाटकाच्या सळ्यांआडून बघत होता. मागच्या डाव्या चाकावर त्याची खूण शाबूत होती. उस्तादांनी चौकशीवाल्यांची पाठ वळल्याचं बघितलं. अंगठा जिभेला लावून ती खूण पुसली. मग खिशातून खडू काढून त्याच जागी स्वतःची केली, शेपूट उजवीकडे असलेली.

"हे चाक मी तपासलं होतं," ते म्हणाले. "माझीच खूण आहे."

गॅरेज बंद पडलं. बारा वर्षं जमवलेलं नाव एका आठवड्यात गेलं. उस्ताद पुढे दुसऱ्यांच्या गॅरेजात हाताखाली राबले, आणि डावऱ्याला एका शब्दाने बोलले नाहीत. न बोलणंच जास्त झोंबायचं. दोन महिन्यांत तो त्यांना सोडून गेला. आपण भित्रे आहोत हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

आता छपराखाली त्याने पुढच्या चाकावरची खूण पुसली.  पुसली आणि तो तसाच गाडीला वळसा घालून मागे गेला, कारण पुढे काय दिसणार हे त्याला कळून चुकलं होतं.

मागच्या डाव्या चाकावर खूण होती. ताजी. खाली फरशीवर खडूची पूडही पडली होती.

त्याने जॅक लावला. पाना घातला. उघडून टाकू, बघून टाकू आणि मोकळं होऊ, असं तो मनाशी घोकत होता. एक नट सुटला, दुसरा सुटला.

"चहा घे रे, डावऱ्या."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी कप डिकीवर ठेवला आणि पान्याकडे, चाकाकडे बघत राहिल्या.

"तेच चाक," त्या म्हणाल्या. "हे दर रविवारी तेच उघडून बसायचे. बावीस वर्षं. एक रविवार चुकला नाही. आजारी होते तरी. मी विचारायची, अहो, एवढं त्यात काय बघता? तर म्हणायचे, डावरा येईपर्यंत मलाच बघायला हवं."

 डावऱ्याची नजर चाकावर गेली. काकूंचीही त्याच्यामागोमाग गेली, पण त्यांना तिथे काही दिसल्याचं वाटलं नाही.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "आता मी काही परत यायची नाही इथे. तुझ्यावर राग धरायलाही मला वेळ उरलेला नाही. त्या शिंप्याच्या गाडीचं हे चाक यांनी खरंच बघितलं होतं का रे? हे कधी बोलले नाहीत. मला नुसतं ऐकायचंय. आपला माणूस चुकला होता की नव्हता, एवढंच."

ते डोळे नुसते विचारत होते, दोष देत नव्हते. 'नाही काकू, मी होतो' हे चार शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. आले आणि थांबले. काकू लेकीला सांगतील. लेक आणखी कुणाला. बायकोला कळेल. सिनेमाचं कळेल.

"उस्तादांनीच बघितलं होतं," तो म्हणाला. "मी नव्हतो तेव्हा. होते कधी कधी चूक, काकू. कितीही मोठा माणूस असला तरी."

काकू हळूच खाली वाकल्या, फरशीवरचा नट उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्याने दोन्ही नट घट्ट केले, जॅक काढला. चाक उघडलं नाही. सवय म्हणून, कसलाही विचार न करता, त्याने आत बसून चावी फिरवली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

सुरू झाली आणि शिलाई मशीनसारखी एकसुरात चालू लागली. डावरा स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला उठून पळावंसं वाटत होतं.

पाचला काकूंची लेक आली. खोकी चढली. "दादा, तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. "ब्रेक वगैरे?"

"बघितलेत."

काकू पुढच्या सीटवर बसल्या. खाली वाकलेल्या डावऱ्याच्या गालाला त्यांनी हात लावला, पण डोळ्यांकडे बघितलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि संथपणे चढ चढू लागली. डावऱ्याने मुद्दाम मागच्या डाव्या चाकाकडे बघितलं.

ते स्वच्छ होतं. खूण नव्हती.

त्याने खाली बघितलं. फरशीवर पूडही नव्हती.

सुटलो, असं त्याला वाटलं.  तो हत्यारं गोळा करायला वाकला आणि खिशातला फोन वाजला. बायको होती. फोनमध्ये वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज.

"अहो, निघाल्या का काकू? थांबवा त्यांना जरा. आम्ही पोचतोच आहोत."

"कसे पोचताय?"

"कसे म्हणजे? व्हॅनने. लेक चालवतेय."

"मी सांगितलं होतं ना काढायची नाही म्हणून! ते चाक मी..."

"अहो, ओरडताय काय? मी बघूनच निघाले. तुमची खूण आहे की चाकावर. मागच्या डाव्या. तुम्ही परत येऊन कधी केलीत ते कळलंसुद्धा नाही मला."

डावरा फाटकाबाहेर आला आणि उताराच्या वरच्या टोकाकडे बघू लागला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"शेपूट," तो म्हणाला. "शेपूट कुठल्या बाजूला होतं?"

"हे काय विचारणं? डावीकडे. तुमचंच." ती हसली, आणि मग फोन बाजूला धरून लेकीला म्हणाली, "हळू घे गं, उतार लागला."