मामंजींचं फँटम

आवाज झाला तो अगदी बारीक, वाळकी काडी मोडावी तेवढाच. टेबलावर मामंजींचं फँटम विमानाचं मॉडेल उभं होतं, सावाकोच्या उजव्या हातात तीन केसांचा ब्रश होता, आणि डाव्या हातातून निसटलेली, वैमानिकांच्या डोक्यावर बसणारी ती पारदर्शक काच दोन तुकडे होऊन जमिनीवर पडली होती. दारात तिची थोरली नणंद हिसाए उभी होती. न सांगतासवरता माहेरी आलेल्या हिसाएनं मागून खणखणीत आवाजात "तू इथे काय करतेस गं?" असं विचारलं होतं, आणि त्या आवाजानंच सावाको दचकली होती. पण हे आता कुणाला सांगणार आणि कसं?

प्रदर्शन अकरा दिवसांवर आलं होतं. शिझुओकात विमानांची, बोटींची मॉडेलं करणाऱ्यांचा वर्षाचा सण म्हणजे मे महिन्यातलं ते प्रदर्शन. सावाकोचे सासरे, मोचिझुकी तोकुजिरो, वय वर्षे एकोणऐंशी, गेली बावीस वर्षं तिथे आपलं विमान मांडत आले होते. हवाई दलात ते वैमानिक नव्हते, मेकॅनिक होते. ह्याकुरीच्या तळावर एका फँटमची त्यांनी चौदा वर्षं पोटच्या पोरासारखी निगा राखली. दुसऱ्यांनी ते आकाशात नेलं, यांनी खालून पाहिलं. आता त्याच विमानाचं हातभर लांबीचं मॉडेल ते दीड वर्ष करत होते. "हे माझं शेवटचं," असं ते म्हणायचे. तसं ते प्रत्येक विमानाला म्हणायचे, पण यंदा म्हणताना हसायचे नाहीत.

कारण त्यांचा हात थरथरायला लागला होता.

सावाकोनं ते फेब्रुवारीतच पाहिलं होतं. चहा घेऊन ती खोलीच्या दाराशी आली, तर म्हातारा ब्रश उचलत होता आणि ठेवत होता, उचलत होता आणि ठेवत होता... शेवटी त्यांनी विमानावर वर्तमानपत्र पांघरलं आणि जेवताना मुलाला सांगितलं की, यंदा हवा फार दमट आहे, रंग धरत नाही, बहुतेक प्रदर्शनाला काही नेणार नाही. त्यांचा मुलगा रेइजी, म्हणजे सावाकोचा नवरा, भला माणूस. त्यानं खिडकीबाहेरचं कोरडं ठणठणीत ऊन पाहिलं आणि "हो, दमट आहे खरी," म्हणून भाताचा घास घेतला. सावाकोनं मात्र हातातला घास खाली ठेवला.

तिचा स्वतःचा हात एके काळी सोन्याचा होता. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती एका कारखान्यात, मार्चमधल्या मुलींच्या सणाला मांडतात त्या बाहुल्यांचे चेहरे रंगवायची. एका केसाच्या जाडीची भुवई, श्वास रोखून काढलेली पापणी! तिचे गुरू म्हणायचे, या मुलीनं रंगवलेली बाहुली पाहणाऱ्याकडे परत पाहते. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि सावाकोनं कुणी न सांगता कारखाना सोडला. नऊ वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. सासूबाई गेल्या तेव्हा हात रिकामे झाले खरे, पण पुन्हा कारखान्यात जाऊ का, असं तिनं कुणाला विचारलं नाही... आणि तिला कुणी विचारलंही नाही.

तर मार्चच्या एका दुपारी तिनं ते वर्तमानपत्र हळूच बाजूला केलं.

मामंजी आठवड्यातून तीन दुपारी कानेमारूंकडे जात. कानेमारू त्यांचे जुने मित्र. तांदळाचं दुकान बंद केल्यावर त्यांनी मागच्या खोलीत मोटारीची एक जुनी सीट, पायातले पेडल, लढाऊ विमानाचा दांडा आणि तीन पडदे बसवून उड्डाणाचा सिम्युलेटर थाटला होता. ज्या विमानाचे स्क्रू त्यांनी आयुष्यभर आवळले ते चालवायला मामंजींना ऐंशीच्या घरात मिळालं! ते दर वेळी ह्याकुरीहून उडत आणि बहुधा कासुमिगाउरा सरोवरात उतरत. "आज मासे पकडले का?" असं रेइजी विचारायचा, आणि मामंजी ऐटीत सांगायचे की, आज धावपट्टी फक्त दोनशे मीटरनं हुकली.

ते उडत असताना सावाको रंगवत असे. तिनं सुधारलेली पहिली रेघ पाहून ते पुन्हा सकाळी ब्रश धरू लागले होते. सकाळी त्यांनी काढलेली रेघ थरथरलेली असायची; ती तेवढीच पुसून, त्यांच्याच रंगानं, त्यांच्याच जागी सरळ करायची. एकही नवी गोष्ट ती करत नसे. दुसऱ्या दिवशी म्हातारा भिंगातून पाहायचा, चक्रावायचा, आणि मग गुणगुणायला लागायचा. रंग सुकताना आपोआप बसतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. एप्रिलमध्ये तर त्यांनी मॉडेलवाल्यांच्या क्लबात जाहीर केलं की, हात परत आला. त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या भात जास्त खाल्ला. सावाको पाठ करून भांडी घासत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की, कुणी पाहिला असता तर चोरी तिथेच पकडली असती.

आणि आता ही फुटकी काच.

मामंजी परतले तोवर हिसाएनं सगळं प्रकरण तिखटमीठ लावून तयार ठेवलं होतं. बाबा नसताना ही त्यांच्या टेबलाशी बसते, हातात ब्रश घेऊन! म्हाताऱ्यानं काचेचे तुकडे तळहातावर घेतले. तो तळहात थरथरत होता, आणि सावाकोची नजर त्याच्यावरून हटेना. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की हा हात कधी परत आलाच नव्हता, हे त्यांना मुलीसमोर ऐकावं लागलं असतं...

"धूळ झटकत होते, मामंजी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"बाहुल्या रंगवणारे हात," मामंजी तिच्याकडे न पाहता म्हणाले. "त्यांना विमानाची काय किंमत! उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

सावाकोनं मान खाली घातली. नऊ वर्षांच्या शुश्रूषेत, लोकांच्या बोलण्यात, कशातच तिच्या मनाला इतकी जखम झाली नव्हती. मोरीत जाऊन तिनं नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन कोळंबीची भजी तळली, कारण रात्रीच्या जेवणाला हिसाए थांबणार होती आणि तिला ती फार आवडत.

चार दिवस खोलीचं दार आतून बंद राहिलं. रेइजीनं दोनदा बायकोला विचारलं की, नक्की काय झालं. दोन्ही वेळा तिनं धूळच सांगितली.

आत मामंजी काम करत होते. रेघ काढत होते आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहत होते. पण काय झालं होतं कुणास ठाऊक, रंग आता आपोआप बसेना! थरथरलेली रेघ दुसऱ्या दिवशीही थरथरलेलीच दिसे. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी भिंग उचललं आणि आख्खं विमान नाकापासून शेपटीपर्यंत, जुन्या सवयीनं, तपासणीला आल्यासारखं पाहिलं. वैमानिकाच्या आसनाखाली विमानाच्या अंगावर इशाऱ्याचा लाल त्रिकोण असतो, तिथे येऊन त्यांची नजर थांबली.

त्रिकोण वाकडा होता. थरथरून नव्हे, नीट, स्वच्छ, मुद्दाम थोडासा डावीकडे कललेला.

त्यांना आठवत होतं, त्यांनी कागदावरच्या नकाशाबरहुकूम तो सरळ काढायला घेतला होता. पण खरा त्रिकोण, त्यांच्या त्या खऱ्या विमानावरचा, वाकडाच होता. एका जानेवारीत गोठलेल्या बोटांनी त्यांनीच तो रंगवला होता आणि साहेबांची बोलणी खाल्ली होती. ही हकिकत त्यांनी आयुष्यात एकदाच सांगितली होती... बायको आत अतिदक्षता विभागात असताना, इस्पितळाच्या बाकावर, पहाट होईपर्यंत वेळ जावा म्हणून. ऐकायला शेजारी एकच माणूस होतं.

मामंजी उठले. सावाको स्वयंपाकघरात मुळा किसत होती. त्यांनी तो तीन केसांचा ब्रश तिच्यासमोर ठेवला.

"कधीपासून?"

तिनं किसणी खाली ठेवली. "मार्चपासून."

"सगळं तूच?"

"नाही, मामंजी. विमान तुमचंच आहे. मी फक्त... रेघा."

म्हातारा स्टुलावर बसला. मग जे बोलला ते इतक्या हळू की तिला वाकून ऐकावं लागलं. "मी क्लबात सांगत सुटलो, हात परत आला म्हणून. मला वेड्यात काढलंस तू."

"हो," सावाको म्हणाली. तिच्या डोळ्यांना आता धारा लागल्या होत्या. "पण तुम्ही गुणगुणायला लागला होतात हो! सासूबाई गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं."

मामंजींनी तिचे मुळ्यानं ओले झालेले दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे हात थरथरत होते, आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत.

"याच हातांना मी बोललो," ते म्हणाले. "बाई गं, माझ्या जिभेला काही हाड आहे की नाही... नऊ वर्षं तिला भरवलं या हातांनी, आणि मी तुला कधी विचारलंसुद्धा नाही, की तुझ्या बाहुल्यांचं काय झालं म्हणून."

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. मामंजी शेजारी बसून डोळे चालवायचे, सावाको हात चालवायची, आणि घरात अखंड कुरकुर सुरू झाली: पातळ कर, अजून पातळ, लढाऊ विमान आहे हे, लग्नातली नवरी नाही! सावाकोही आता ऐकून घेत नव्हती. पापणी रंगवताना माझे गुरू एवढे बोलत नव्हते, असं ती सुनवायची. रेइजी दोघांना चहा आणून द्यायचा आणि निमूट निघून जायचा.

काच तेवढी राहिली होती. ती आणली हिसाएनं. भावानं फोनवर खरी हकिकत सांगितल्यावर ती दोन दिवस इकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भलंमोठं खोकं कवटाळून दारात उभी राहिली. दुकानदार म्हणाला नुसती काच मिळत नाही, आख्खं विमान घ्या, म्हणून तिनं आख्खं विमानच उचललं होतं. खोकं सावाकोच्या हातात देताना तिचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मी ओरडले नसते तर फुटली नसती," ती म्हणाली. "आणि तू सांगितलंस का नाहीस गं?"

"सांगितलं असतं, ताई, तर तुमच्या बाबांचं फुटलं असतं," सावाको म्हणाली. मग दोघी नणंद-भावजया उंबऱ्यातच खोक्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना धरून रडल्या, आणि रडता रडता खोकं किती आडवं येतंय म्हणून हसल्याही.

प्रदर्शनात मामंजींनी विमानापुढच्या पाटीवर दोन नावं लिहिली, आणि सावाकोचं आधी. क्लबातल्या कुणी विचारलं की, हात परत आला ना? तेव्हा मान ताठ करून ते म्हणाले, "परत नाही आला. दुसरा आला, जास्त चांगला." फँटमला पारितोषिक काही मिळालं नाही, ते एका युद्धनौकेला गेलं, आणि मामंजी घरी येईपर्यंत बोटीवाल्यांना नावं ठेवत होते.

वाटेत मात्र त्यांनी गाडी कानेमारूंच्या बंद दुकानापाशी थांबवायला लावली. सावाकोला त्यांनी त्या जुन्या सीटवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. तिला सायकलसुद्धा धड चालवता येत नसे. पण म्हातारा ऐकेना. त्यांनी वाकून तिचा पट्टा बांधला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. चौदा वर्षं रोज वैमानिकांचे पट्टे त्यांनी असेच बांधले होते. पडद्यांवर ह्याकुरीची धावपट्टी उजळली.

मग मामंजी चार पावलं मागे गेले. विमान सुटताना मेकॅनिक जसा बाजूला उभा राहतो तसे ते उभे राहिले, पाठ सरळ केली, आणि आपल्या सुनेला त्यांनी कडक सलाम ठोकला. कपाळाशी नेलेला तो हात थरथरत होता. पण तो खाली आला नाही.

सावाकोनं दांडा धरला. इंजिनं गरजू लागली, विमान हलायला लागलं... आणि मामंजींवरून हलेना तेवढी तिची नजर.

"मामंजी, मला धावपट्टी दिसत नाहीये!"

"डोळे पूस आधी," म्हातारा सलाम न सोडता म्हणाला, "सरोवर डावीकडे आहे."