दुर्पताची बोडी

“बाई, तुह्या मासोळ्यांनी माही इज्जत खाल्ली!”

हिमांशूने आयकराची नोटीस अंगणात भिरकावली, आणि ती नेमकी दुर्पताच्या ओल्या सारवणावर जाऊन चिकटली! शेणाने माखलेले हात तसेच धरून ती धाकट्या भावाकडे पाहतच राहिली... आई गेल्यावर याच भावासाठी तिने अंगाला हळद लावून घेतली नाही, याच्याच नावावर जमीन व्हावी म्हणून हक्कसोडपत्रावर हसत हसत सही केली, आणि आज हा...!

चूक म्हणाल तर एवढीच. धानाच्या बांध्यांना पाणी देणारी त्यांची बोडी, म्हणजे शेतातलं लहानसं तळं, सातबाऱ्यात शेतातच मोडायची. मग तिच्यातली मासोळीही शेतीच, असं दोघांनी धरलं! मासोळीचं बी दुर्पता सोडायची, मासोळी विकायचीही तीच, पैसे मात्र हिमांशूच्या खात्यात. तिरोड्याला नोकरी करणाऱ्या हिमांशूने पगार आणि शेतीचा फॉर्म निवडला, मासोळीची कमाई शेतीच्या रकान्यात टाकली आणि मोकळा झाला.

“मासोळी शेती नोहे म्हंते, धंदा हाय! त्याचा कोड अलग, फॉर्म अलग. ऑफिसात सारे हासून राहिले. काऊन ठेवलीस तू ते बोडी?”

“बाबानं आन् मी खंदली रे ते, बाबू...”

“खंदली तं फोडून टाक!”

किक मारून तो निघूनही गेला. दुर्पता रडली नाही. बोडीच नसली तर भावाला कोण हसेल? दुसऱ्या दिवशी उजाडताच ती फावडं घेऊन बोडीच्या पारीवर, मातीच्या बांधावर, चढली. प्रत्येक घावासरशी तिचे बाबा बिसराम डोळ्यांपुढे उभे राहत होते... तरी तिचा हात थांबला नाही! पाणी धो धो बाहेर पडलं, त्याबरोबर बोटबोटभर चंदेरी पिल्लं धान कापलेल्या बांध्यांत जाऊन तडफडू लागली, आणि बगळे उतरले.

दुपारी गाडीचा आवाज आला. हिमांशूची अकरावीतली लेक प्रिया मोबाइल नाचवत शेताच्या धुऱ्यावरून धावत सुटली.

“आत्या! सापडला! मत्स्यपालनाचा कोड सापडला! धंद्याचा फॉर्म घ्याचा, चूक सुधरवून पुन्हा भराचा, डिसेंबरपर्यंत चालते! बोडीले काही...”

समोर नुसता चिखल होता.

हिमांशू बुटांसकट आत उतरला. फुटलेल्या पारीत तो वेड्यासारखा ओंजळीने माती कोंबू लागला. आता अडवायला पाणी कुठे होतं?

“म्या रागानं म्हणलो बाई... तू काऊन आयकलीस?”

“तुहा कोणता शब्द म्या आयकला नाई, बाबू?”

त्याने तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं टेकलं. लहानपणी पुसायची तसंच तिने पदराने त्याचं तोंड पुसलं...

प्रियाने मोबाइल पुढे केला. “बाबा, धंद्याचं नाव विचारून राहिले इथं...”

“लिव. दुर्पता मत्स्यपालन.”

दुर्पताने वळूनही पाहिलं नाही. ती एका डबक्याशी बसून घमेल्यात काहीतरी भरत होती.

“सात जित्या हायेत,” ती म्हणाली आणि घमेलं तिने भावाच्या हातात दिलं. “धर. हालवू नोको.”

हिमांशू धरून उभा राहिला. गालांवरून आसवं ओघळत होती, पण ती पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.