दुपारी दोनची चर्चा

क्रांती चौकातल्या केबल वाहिनीच्या जिन्यात दमयंती वळणावर कुणावर तरी जोरात आदळली आणि तिच्या हातातला चहा समोरच्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडला.

"अहो, बघून चाला की!" चूक स्वतःची असली की तिचा आवाज जरा जास्तच चढायचा.

"बघूनच चाललो होतो," तो शर्ट झटकत म्हणाला. "तुमच्याकडंच बघत होतो... तिथंच घात झाला."

आगाऊ कुठला! पण डोळे हसरे होते, आणि दमयंतीच्या ते लगेच लक्षात आलं होतं. तो बद्रीनाथ. पिशोरचा, विद्यापीठात एम.ए. करणारा. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तो वाहिनीकडे तक्रार घेऊन आला होता. रविवार सोडून रोज रात्री आठला वाहिनीवर उमेदवारांची समोरासमोर चर्चा लागायची, आणि भारनियमनामुळे नेमकी त्याच वेळी पिशोरची लाईट जायची.

"मतं आमची पाहिजेत, अन् चर्चा अंधारात दाखवता व्हय? कोण ठरवतं हो ही येळ?"

"मी," दमयंती हनुवटी उचलून म्हणाली. "काही म्हणणं आहे?"

"नाय... आता काय नाय."

वाहिनीचे मालक काकासाहेब आतून हे ऐकत होते. पोरगा बोलका आहे, गावोगावचे मतदार ओळखतो, म्हणून त्यांनी त्याला मतदारांचे प्रश्न गोळा करण्याचं काम दिलं. मग रोज संध्याकाळचा चहा दमयंती आणि बद्रीनाथ एकत्रच घेऊ लागले. तो फुलंब्रीच्या बाजारातले किस्से सांगायचा, ती हसून हसून बेजार व्हायची. तो आला नाही, तर तिला चहा पाणचट लागायचा. आता यावरून काय ते समजावं... पण पोरीनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

आणि मग काकासाहेबांनी घोळ घातला. बद्रीनाथला थेट पडद्यावर बसवलं, सूत्रसंचालिका शर्वरी सांडूच्या शेजारी! शर्वरी दिसायला देखणी आणि बोलायला गोड. बद्रीनाथनं प्रश्न वाचला की ती मान तिरकी करून हसायची. काचेपलीकडून ते बघताना दमयंतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात एक दिवस बद्रीनाथनं गावाकडची सीताफळं आणली. सगळ्यात मोठं शर्वरीला दिलं. दमयंतीच्या हातात आलं ते लिंबाएवढं! तिनं ते तसंच नेऊन काकासाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे उभी राहिली.

"आठची वेळ चुकीची आहे, सर. आठला घरोघरी मालिका लागतात, चर्चा कोण बघतंय? दुपारी दोनला लावू."

दुपारी दोनला अख्खं शहर कचेरीत असतं नाहीतर घोरत असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दोघांना शेजारी शेजारी बसलेलं कुणी बघू नये, एवढीच तिची इच्छा होती. मत्सर माणसाला काय काय सुचवतो! आठच्या चर्चेला फोन येईनासे झाले होते, त्यामुळे काकासाहेब तयार झाले.

आणि झालं भलतंच. दुपारी दोनला गावात लाईट असायची. शेतातून भाकरी खायला आलेली माणसं टीव्हीपुढं बसू लागली. फुलंब्री, कन्नड, पिशोर, सगळीकडून फोन खणखणू लागले. उमेदवारांनाही घाम फुटला. आता उत्तरं खरोखरच कुणीतरी ऐकत होतं. काकासाहेबांनी दमयंतीची पाठ थोपटली. तिला रडू येत होतं. लपवायला गेली आणि तालुक्याला दाखवून बसली!

फोन घ्यायचं कामही तिच्याचकडे होतं.

"जोडा लई झ्याक दिसतो बरं का," प्रश्न विचारून झाला की लोक वर ऐकवायचे.

आणि एका दुपारी फोन आला, "मी सारजाबाई. बद्रीची आई. त्याच्या शेजारी बसती ती पोरगी कुणाची गं? घरी आला की टीव्हीच्या हापिसातल्या पोरीचंच पुराण लावतो. म्हटलं, इचारावं... जमवून टाकावं."

दमयंतीनं मान वर केली. काचेपलीकडे शर्वरी हसत होती.

"तिचं... तिचं ठरलंय, मावशी."

"अरं देवा! आता माझ्या बद्रीला कसं सांगू मी?"

त्या माउलीचा स्वर एवढा पडला, की दमयंतीला स्वतःचीच लाज वाटली.

"नाही हो मावशी, खोटं बोलले मी. तिचं काही ठरलेलं नाही. विचारा तुम्ही तिला..."

"मंग खोटं का बोललीस?"

"मला बघवत नाही त्यांना एकत्र!" बोलून गेली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पलीकडे सारजाबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"नाव काय गं तुझं?"

"दमयंती."

"येळ ठरवती ती? जिनं चहा सांडला ती? अगं बया! तुझंच तर पुराण असतंय त्याचं! टीव्हीत एकच पोरगी दिसली, म्हटलं हीच असंल!"

चर्चा संपवून बद्रीनाथ बाहेर आला, तर दमयंती रिसीव्हर छातीशी धरून बसलेली.

"काय झालं?"

"दोनची वेळ मी जळून लावली होती," ती मान खाली घालून म्हणाली. "तू तिच्या शेजारी कुणाला दिसू नयेस म्हणून. आणि... सगळ्यात मोठं सीताफळ तिला का दिलंस?"

"दगडासारखं कच्चं होतं ते! पिकलेलं एकच होतं, ते तुला दिलं. अन् तू मालकाला खाऊ घातलंस!"

ती हसली, रडली, पुन्हा हसली. त्यानं हळूच तिच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला; आई अजून फोनवरच होती. त्यानं ऐकलं आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"आई म्हणती, तू टीव्हीत दिसत नाय. घरी आणून दाखव म्हणती..." तो अडखळला. "येशील? कधी?"

"वेळ मी ठरवते," दमयंती डोळे पुसत म्हणाली. "रविवारी. दुपारी दोनला. तेव्हा तुमच्याकडे लाईट असते."