युनिटला नऊ किलोमीटर

बारा वर्षे वापरलेली ती निळी मोटार नवी असताना शहरात एका युनिट विजेवर साडेसहा किलोमीटर धावत असे. आता ती नऊ किलोमीटर धावत होती.

मोटारीचा मालक उत्तम सूर्यवंशी याने ही माहिती दिली, तेव्हा त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. विभावरी सरदेसाईला नेमके तेच खटकले. फुशारकी मारणाऱ्याला निदान आपण किती फुगवून सांगतो आहोत याची कल्पना असते. हा माणूस मात्र हवामान सांगावे तसे सांगत होता.

"बॅटरी बदलली का?" तिने विचारले.

"नाही. कंपनीची आहे तीच. कागद बघा."

"मोटर दुरुस्त केली?"

"मॅडम, काचेचे वायपर सोडले तर काही बदललेलं नाही. अण्णा गेले तेव्हापासून गाडी आपोआप सुधारली."

अण्णा म्हणजे उत्तमचे वडील. मोटार त्यांची होती आणि ते जाऊन वर्ष उलटले होते. मालकाच्या मृत्यूनंतर यंत्र सुधारते, असा कोणताही नियम विभावरीने आजवर भौतिकशास्त्रात शिकवला नव्हता. शेजारी उभा असलेला तिचा धाकटा भाऊ मकरंद तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसला.

"उत्तमराव, आता सांभाळा. आमच्या ताईनं लग्नाआधी भावजींची पत्रिका नाही पाहिली, पण वजन आणि रक्तदाब तपासून घेतला होता."

"मग काय निघालं?" उत्तमने विचारले.

"वजन त्यांनी चार किलो कमी सांगितलं होतं," विभावरी म्हणाली. "टायर मोजायचे आहेत."

तिला मोटार हवी होती आणि ती सोमवारच्या आत हवी होती. ती तासिका तत्त्वावर शिकवत असे. महाविद्यालय शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिकडे जाणारी एकमेव सकाळची बस या आठवड्यात बंद होणार होती. पहिला तास चुकला तर तो दुसऱ्याला मिळतो. असे दोन-तीनदा झाले की बाकीचे तासही त्याच्या पाठोपाठ जातात. नवी मोटार तिच्या आवाक्यात नव्हती. म्हणून ती आठवडाभर जुन्या मोटारी पाहत हिंडत होती, आणि प्रत्येक मोटारीने तिला एकेक लबाडी शिकवली होती. एकीचा अंतरमापक मागे फिरवलेला निघाला. दुसरीच्या बॅटरीचे प्रकृतिपत्र भलत्याच बॅटरीचे होते. तिसरीला मूळ मापापेक्षा लहान चाके बसवली होती. लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात, मापक फेरे मोजतो, आणि मोटार कागदोपत्री लांबवर जाऊन येते.

निळ्या मोटारीची चाके मूळ मापाची निघाली. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मापक जुळला. चार्जिंगच्या तारेला तिने स्वतःचा वीजमापक लावून पाहिला, तोही जुळला. दुपारपर्यंत तिच्याजवळच्या सगळ्या शंका संपल्या आणि संशय मात्र वाढला.

"आता तरी घे," मकरंद म्हणाला. "एखादा माणूस खरा असू शकतो, ताई."

"माणूस असेल. आकडा नाही."

गावाबाहेर बंद सूतगिरणीचे मोठे सपाट आवार होते. तिथे तिने मकरंदला मोटार चालवायला लावली. पहिल्या खेपेस शहरातल्यासारखे दर दोन-तीनशे मीटरवर थांबायचे आणि पुन्हा निघायचे. या खेपेचा हिशेब युनिटला सहाच्याही किंचित खाली आला. बारा वर्षांच्या मोटारीने जितके थकावे, तितकीच ती थकलेली होती. दुसऱ्या खेपेस एकदाही न थांबता, एकाच वेगाने गोल गोल फिरायचे. या खेपेस आकडा आला नऊ.

विभावरी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. थांबलेली मोटार हलवायला सर्वांत जास्त वीज लागते. ब्रेक लावला की त्यातली काही परत मिळते, पण सगळी मिळत नाही. याचा अर्थ सरळ होता. ही मोटार शहरात नऊ किलोमीटर देत असेल, तर ती शहरात थांबतच नव्हती.

"उत्तमराव," ती म्हणाली, "तुम्ही रोज जाता त्या रस्त्यानं आम्हाला घेऊन चला. नेहमीसारखे."

उत्तम चालवायला बसला, विभावरी त्याच्या शेजारी, मकरंद मागे. कारखाना नाक्याचा दिवा लांबून लाल दिसत होता. मोटार जवळ आली आणि तो हिरवा झाला. दूधसंघाजवळचाही तसाच. त्यापुढचाही. प्रत्येक चौकात आडव्या रस्त्यावरची वाहने ताटकळत उभी होती आणि निळी मोटार त्यांच्यासमोरून संथपणे, वरातीतल्या घोड्यासारखी निघून जात होती.

"हे असं रोज?" मकरंदने विचारले.

"रोज," उत्तम म्हणाला, आणि आता प्रथमच त्याचा आवाज मऊ झाला. "आई म्हणते, अण्णा पुढं जाऊन वाट मोकळी करतात. त्यांना थांबायला अजिबात आवडायचं नाही. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला पटायचं नाही."

विभावरीला ते पटले नाही, पण तिने ते खोडूनही काढले नाही. ती खांबांकडे पाहत होती. आठ वर्षांपूर्वी शहरातल्या प्रत्येक सिग्नलच्या खांबावर मुठीएवढी एक राखाडी डबी बसली होती. सिग्नलला कान आले, असे लोक म्हणू लागले होते. रुग्णवाहिका येताना आपली निकड एक ते पाच अशा अंकात कळवते, डबी ते ऐकते आणि वाट देते. दोन बाजूंनी दोघे आले, तर ज्याचा अंक मोठा तो आधी जातो. तेव्हापासून या शहरात रुग्णवाहिका चौकात अडकलेली कोणी पाहिली नव्हती.

गूळबाजार चौकात विभावरीने ती पाहिली.

डाव्या रस्त्यावर, लाल दिव्यासमोर, भोंगा वाजवत एक रुग्णवाहिका उभी होती. तिच्यापुढची चार वाहने हलत नव्हती. कान असलेल्या सिग्नलचा लाल दिवा कोणी मोडत नसे. समोरून याहून निकडीचे कोणी येत असणार, असा सर्वांचा विश्वास होता. समोरून निळी मोटार गेली.

"थांबवा गाडी!" विभावरी ओरडली.

चौक ओलांडताच उत्तमने मोटार कडेला घेतली. तिघांनीही मागे वळून पाहिले. त्यांच्या रस्त्याचा दिवा अजून हिरवाच होता, आणि त्या रस्त्यावर एकही वाहन येत नव्हते. रुग्णवाहिकेचा चालक दारातून अर्धा बाहेर झुकून दारावर थापा मारत होता. दिवा बदलत नव्हता.

"अहो, आपण इथं थांबलो म्हणून तो अडकलाय," मकरंद म्हणाला. "पुढं घ्या! आधी पुढं घ्या!"

मोटार दोनेकशे मीटर पुढे गेली आणि मागचा दिवा बदलला. भोंग्याचा आवाज चौक ओलांडून लांब गेला.

"चावी कुठं आहे?" विभावरीने विचारले.

"ही काय, लावलेली आहे."

"ती नाही. सिग्नलची चावी. रुग्णवाहिकेचा आवाज काढणारं यंत्र चोरबाजारात मिळतं, मला ठाऊक आहे. त्या गाडीत कोणीतरी माणूस होता, उत्तमराव!"

उत्तमच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. "मॅडम, गाडी घेऊ नका. सकाळपासून तुम्ही टायर मोजले, तारा मोजल्या, मी काही बोललो नाही. पण चोर म्हणायचं काम नाही. ही गाडी, हे तुम्ही. शोधा!"

त्यांनी शोधले. आसनांखाली, चटयांखाली, बॉनेटमध्ये, डिकीत. शेवटी विभावरीने समोरचा कप्पा उघडला. त्यात विम्याचे कागद होते, पुसायचे फडके होते आणि त्यामागे लाल खणाची, दोरीने घट्ट बांधलेली एक लहानशी पिशवी होती.

"तिला हात लावू नका," उत्तम म्हणाला.

"का?"

तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "अण्णांचं आहे. छातीत बसवलेलं. अग्नी द्यायच्या आधी काढावं लागतं, नाहीतर चितेत फुटतं म्हणाले. दवाखान्यातल्या माणसानं काढलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलं. आता त्याचं काय करायचं, मॅडम? गुरुजी म्हणाले, अस्थींबरोबर सोडता येणार नाही, ते शरीर नव्हे. आई म्हणाली, टाकायचं नाही, शेवटची सहा वर्षं माणूस त्याच्यावर जगला. देवघरात ठेवू देईना, कपाटात ठेवू देईना. मग म्हटलं, अण्णांचा जीव या गाडीत होता. इथंच राहू दे. विकताना काढून घेणार होतो."

विभावरीने पिशवी हातात घेतली. ती अपेक्षेपेक्षा हलकी होती.

"पेसमेकर," ती हळूच म्हणाली.

पुढचे काही तिने लगेच सांगितले नाही. आधी खात्री करायला हवी होती, आणि ती करताना पुन्हा कोणाची वाट अडता कामा नये. पाण्याच्या टाकीजवळ एक सामसूम तिठा होता. त्याच्या बऱ्याच अलीकडे मोटार उभी करून ती पिशवी घेऊन पायी निघाली. रस्त्यावर एकही वाहन नव्हते. ती खांबापाशी आली आणि तिच्या बाजूचा दिवा हिरवा झाला. साडी नेसलेल्या, पायी चालणाऱ्या एका बाईसाठी तिठ्याच्या उरलेल्या दोन वाटा बंद झाल्या.

परत येऊन तिने आपला जेवणाचा स्टीलचा डबा उघडला आणि उरलेली पोळी मकरंदच्या हातात दिली.

"अण्णांना डब्यात घालताय?" उत्तम कळवळून म्हणाला.

"धातूच्या बंद डब्यातून लहरी बाहेर पडत नाहीत. तेवढंच बघायचं आहे."

डबा घेऊन ती पुन्हा खांबापाशी गेली. दिवा लाल होता, तो आपल्या ठरल्या वेळेपर्यंत लालच राहिला.

ती परत आली तेव्हा उत्तम पदपथाच्या कडेला बसला होता. तिने त्याला सगळे समजावून सांगितले. त्याने मध्ये एकदाही विचारले नाही, की आईचे म्हणणे खोटे का. संपल्यावर एवढेच म्हणाला, "वर्षभर रोज दोन वेळा मी या रस्त्यानं गेलो. त्या वर्षभरात किती जण असे उभे राहिले असतील?"

विभावरीकडे ते मोजायचे साधन नव्हते.

"हे आजच दवाखान्यात नेऊन बंद करून घ्या," ती म्हणाली. "बंद झालं की तुमच्याकडेच ठेवा. तोवर डब्याचं झाकण उघडू नका."

"आणि गाडी? आता ती सहाचीच. कोण घेणार?"

"मी. आठवडाभर गाड्या बघतेय. हिच्याबद्दलच मला सगळं खरं ठाऊक आहे."

मकरंदने पोळीचा तुकडा तोंडात टाकला. "भावजींचंही असंच झालं होतं," तो म्हणाला.

कारण असे होते. त्या जातीचा पेसमेकर हृदयाचा ठोका ऐकतो, आणि ठोका चुकला तर स्वतः ठोका देतो. दिलेल्या ठोक्यालाही हृदय उत्तर देईना, तर जवळच्या सिग्नलला तो मदतीची हाक घालतो. या हाकेची निकड पाच, म्हणजे कोणत्याही रुग्णवाहिकेपेक्षा कमी नाही आणि बहुतेकींपेक्षा जास्त. रुग्णाची ओळख गुप्त राहावी म्हणून तो नाव सांगत नाही. त्यामुळे ज्याच्या छातीत तो होता तो माणूस मरण पावल्याचे सिग्नलला कळण्याची सोय नाही. शंका आली तर वाट द्यावी, असे ही यंत्रणा बांधणाऱ्यांनी ठरवले होते, आणि त्यांचे ठरवणे चुकीचे नव्हते. शरीरातून काढताना यंत्र बंद करायचे असते. ते कोणी केले नाही. त्याची बॅटरी आणखी चार वर्षे पुरली असती. लाल खणाच्या पिशवीत, कप्प्यातल्या फडक्यामागे, ते मिनिटाला साठ वेळा एका हृदयाला हाक देत होते, उत्तर येत नव्हते, आणि प्रत्येक चौकात ते सांगत होते की या मोटारीत एक माणूस मरतो आहे.