ठिपके गेले, शंख मेले

"त्या बाईचं गाठोडं पडवीत ठेवू नकोस, तुझ्या खोलीत ठेव," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. बनाबाई कुंदाला सांभाळायला आली, त्याच दिवशीची गोष्ट. पद्मजाला वाटलं, सासूबाईंना चोरीचा संशय. आल्याआल्या एखाद्या बाईवर पाळत ठेवायची, हे तिच्या कॉलेजात शिकलेल्या मनाला रुचलं नाही. गाठोडं पडवीतल्या खुंटीवरच राहिलं.

त्याच गाठोड्यातून आज फौजदार मानसिंगरावांनी विषाची बाटली काढली.

सकाळी नारायणरावांच्या ओरडण्यानं घर गोळा झालं होतं. नारायणराव म्हणजे पद्मजाचे सासरे, संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी बघायला भोरातले लोक वाट वाकडी करून येत. पेटीत समुद्राचं पाणी. त्यात कोकणच्या किनाऱ्यावरचे पट्टेरी मासे, समुद्रफुलं, गोगलगाईंसारखे सरकणारे शंख आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा. पाणी महाडकडून वरंधा घाटानं लॉरीतून यायचं. "भटाच्या घरात मासळी, आणि तीसुद्धा नुसती बघायला," असं आळीत लोक हसत. नारायणरावांना त्याची पर्वा नव्हती. रविवारी पुण्याचे प्राध्यापक पेटी बघायला येणार होते.

आज समुद्रफुलांचा बुळबुळीत लगदा झाला होता. शंख उताणे पडले होते. खेकडा बिऱ्हाडातून अर्धा बाहेर लोंबत होता.

"मोरचूद," नारायणराव म्हणाले. "माझ्या कपाटातली बाटली गेली आहे. ह्या बाईनं पेटीत विष घातलं. परवा हिला रागावलो, त्याचा सूड."

आणि बाटली गाठोड्यातच निघाली. पद्मजानं काही विचार करायच्या आत बनाबाईच्या कडेवरची कुंदा ओढून घेतली. पोर रडायला लागली.  ह्याच बाईच्या हातची पेज पोर रोज खाते.

अंगणात बनाबाईचं लुगडं, फणी, मिश्रीची डबी पसरली होती. कुंपणापलीकडे माणसं जमली होती.

"कधी घातलंस?" फौजदारांनी विचारलं.

"म्या काय बी घातलं न्हाई."

"मग बाटली पाय फुटून आली?"

"ती मला ठावं न्हाई. मी तिला हात बी लावला न्हाई."

"कचेरीत गेल्यावर सगळं ठावं होईल. चल."

बनाबाई विधवा होती, वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीची. तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला दीर दारात उभी करणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि पद्मजालाही.

"फौजदारसाहेब, जरा थांबाल?" पद्मजा म्हणाली.

"सूनबाई, तू आत जा," नारायणराव म्हणाले.

"आत जाऊन काय करू, मामंजी? विष घालणारी बाई माझ्या मुलीला भरवत होती का, एवढं मला कळायला हवं."

त्याला नाही म्हणायला फौजदारांना जमलं नाही. पद्मजा कुंदाला खांद्यावर घेऊन पेटीपाशी गेली, मागोमाग फौजदार आणि नारायणराव. मासे जिवंत होते. वर येऊन तोंडं उघडत होते, पण जिवंत होते. त्यांच्या अंगावर आठवडाभर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. ठिपके म्हणजे अंगात रुतलेले परजीवी. आज एकही ठिपका दिसत नव्हता.

ह्या रोगाचे नियम नारायणरावांना तिनंच सांगितले होते, आणि ते त्यांनी आपलेच म्हणून आळीत सांगितले होते. नवा मासा आधी वेगळ्या बरणीत ठेवायचा. ठिपके दिसले, तर त्याच बरणीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, अगदी फिकं पाणी द्यायचं. मोठ्या पेटीत कधीच नाही. तांब्याच्या विषानं परजीवी मरतात, मासे सोसतात, पण शंख, खेकडे, समुद्रफुलं सोसत नाहीत.

म्हणजे पेटीत तांबं गेलं होतं, एवढं खरं.

"स्वारीनं आज घंगाळ सोडून बादलीनं आंघोळ केली," सासूबाई स्वयंपाकघरातून कुणाकडे न बघता बोलल्या. "सोवळं पण आता लोकाचार झालं."

पद्मजा थबकली. न्हाणीघरात गेली, परत आली. 

"मामंजी, कपाटाचं कुलूप फोडलंय?"

"नाही."

"किल्ली कुठं असते?"

"माझ्या जानव्याला. सगळ्या भोराला माहीत आहे."

"मग बाटली निघाली कशी?"

"रात्री मी झोपलो असताना हिनं किल्ली काढली असेल. मांजरासारखी पावलं आहेत तिची."

"बनाबाई माझ्या खोलीत झोपते, कुंदाच्या पाळण्यापाशी. कडी मी आतून लावते. पोरीचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी किती वेळा उठते, त्यावरून तुम्ही मला वेडी म्हणता. दर वेळी बनाबाई तिथंच होती."

 फौजदारांनी खाट ओढून बसायला घेतलं.

"आता बाटली बघा," पद्मजा म्हणाली. "बुचावर काय आहे?"

"लाख."

"फुटलीय?"

मानसिंगरावांनी बाटली उजेडात धरली. "नाही. सबंध आहे."

"म्हणजे ह्या बाटलीतला एक कणही बाहेर आलेला नाही. मामंजींकडे दोन बाटल्या आहेत, एक चालू, एक नवी. चालू त्यांना माशांसाठी लागते, म्हणून गाठोड्यात नवी गेली."

"तोंड आवर," नारायणराव म्हणाले.

"पण पेटीत विष तर गेलंय," फौजदार म्हणाले. "ते कुठून आलं, वैनीसाहेब?"

"माझ्याबरोबर न्हाणीत चला."

कोपऱ्यात नारायणरावांचं तांब्याचं घंगाळ पालथं घातलेलं होतं. सोवळ्याचं घंगाळ. त्यात पाणी तेच काढत, घासतही तेच. परवा बनाबाईचा पदर त्याला लागला म्हणून त्यांनी तिला अंगणभर फटकारलं होतं आणि घंगाळ चिंचेनं घासून लखलखीत केलं होतं. पद्मजानं ते सुलटं केलं. आत वीतभर उंचीवर हिरवी रेघ होती. रेघेच्या वर पांढरा थर धरला होता.

"चाखून बघा."

फौजदारांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं. "मीठ."

"आंघोळीच्या भांड्यात मीठ कशाला असेल? काल तुमच्या आंघोळीनंतर लॉरी आली, मामंजी. लॉरीवाल्याला लाकडी पिंप लगेच परत हवं होतं. पाणी ओतायला भांडं हवं. मामंजींना तांब्याहून शुद्ध काही वाटत नाही, आणि ह्या भांड्याला घरात कुणी शिवत नाही. नुकतं चिंचेनं घासलेलं उघडं तांबं, त्यात समुद्राचं खारं पाणी दिवसभर मुक्कामाला. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, तसं ते पाणी कळकलं. मग रात्री तेच पेटीत गेलं. मोरचूद घालायचा नाही, हा नियम मामंजींनी पाळला. मोरचूद तांब्याचाच असतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. सकाळी मेलेले शंख बघितले, घंगाळातली हिरवी रेघ बघितली, तेव्हा कळलं. म्हणून आज बादली."

न्हाणीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. गाठोडं खोलीत ठेवायला सांगताना त्यांचा संशय बनाबाईवर नव्हताच, हे पद्मजाला आता कळलं.

"इथवर चूक होती," पद्मजा पुढं म्हणाली. "चुकीला कुणी फौजदार बोलावत नाही. पण रविवारी प्राध्यापक यायचे, आणि आपल्या हातून पेटी मेली हे त्यांना सांगायचं कसं? मग किल्ली जानव्यावरून निघाली. बाटली खुंटीवर गेली. ज्यानं ती ठेवली, त्यानंच तुम्हाला बोलावणं धाडलं."

"एका मोलकरणीसाठी सासऱ्याला चव्हाट्यावर आणतेस," नारायणराव म्हणाले. आवाज खाली आला होता. "ती दुसरीकडे काम बघेल. माझं नाव मला दुसरीकडे मिळणार आहे का?"

ह्याच्याइतका स्पष्ट कबुलीजबाब मानसिंगरावांनी कचेरीतही ऐकला नसावा. ते घंगाळापासून मागं सरले. "रावसाहेब, तक्रार मागं घ्या. नाहीतर मला ती उलट्या बाजूनं लिहावी लागेल."

बनाबाई अंगणातली फणी, डबी वेचत होती.

"बनाबाई, राहा," पद्मजा म्हणाली. "चूक आमची आहे."

"व्हय, हाय," ती म्हणाली. "पर माझं लुगडं समद्या आळीनं बघितलं, वैनी. आता हितलं पाणी गळ्याखाली उतरायचं न्हाई." कुंदानं तिच्याकडे हात पसरले. तिनं बघितलं नाही, की बघवलं नाही, कोण जाणे. गाठोडं बांधून चालत निघाली.

वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीवानांनी फौजदाराची बातमी तिच्या आधीच नेली होती. ती निर्दोष निघाली, ही बातमी कुणी नेली की नाही, कळत नाही. पद्मजाच्या दोन निरोपांना उत्तर नाही, आणि तिला स्वतःला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली आहे.

तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या वाटेनं जात असेल, तर मार्गासनीत जरा थांबा. बनाबाईचं घर विचारा. दीर दारात असला, तर चार माणसं ऐकतील अशा आवाजात सांगा, हिनं विष घातलं नव्हतं. आणि तिला आत घेतलंय का, दोन वेळा जेवते का, तेवढं डोळ्यांनी बघून या.