तिसरा जीव

जयनगरच्या त्या भाड्याच्या घरात देवापुढं दिवा लावायची वेळ आणि निहारच्या टीव्ही गेमची वेळ एकच पडायची. विलास बोम्मसंद्राच्या कारखान्यातून यायला साडेसात होत. तोवर घरात मायलेक दोघंच. श्यामला देवघरात वाती वळत बसायची. बाहेर आठ वर्षांचा निहार पडद्यावरच्या निळ्या टोपीवाल्याला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावायचा. टोपीवाला पडला की ओरडायचा, "मेलो!"

त्या शब्दासरशी श्यामलाच्या बोटांतला कापूस तुटायचा. निहारच्या आधीची दोन पाळण्यातच गेली होती. तेव्हापासून रोज एकवीस वाती आणि एकच मागणं, एवढा तरी मोठा होऊ दे. त्याच्या मनगटात काळा दोरा तिनंच बांधला होता.

"दिवेलागणीला असलं बोलू नये, राजा. वास्तू तथास्तु म्हणते."

"मग मेल्यावर काय म्हणू? तीन जीव असतात आई. एक गेला की दुसरा येतो."

"मोठा झालो म्हण."

निहार खो खो हसला. पण पोर गुणी. त्या संध्याकाळी तो नऊ वेळा मोठा झाला.

हे जूनमधलं. जुलैत शाळेची चड्डी तिसऱ्यांदा मल्लाप्पा शिंप्याकडं न्यावी लागली. त्यानं शिवण उलटून पाहिली.

"अक्का, सोडायला आता स्वल्पसुद्धा दुमड नाही. पोराला खायला घालता तरी काय?"

श्यामला खुशीतच घरी आली. देवघराच्या चौकटीला निहारला टेकवून पेन्सिलीनं खूण केली. वाढदिवसाच्या खुणेच्या वर चार बोटं. मनगटातला दोरा रुतला होता, तो सैल केला.

दुसऱ्या दिवशी, का कोण जाणे, तिनं पुन्हा मोजलं. मग रोजच. निहार थोडा हरला की खूण थोडी चढे. खूप हरला की खूप. परीक्षेच्या आठवड्यात गेम माळ्यावर होता. तेव्हा आठही दिवस रेघेवर रेघ, खूण तसूभरही चढली नाही.

"आता नको म्हणूस रे ते."

"तूच सांगितलंस ना?" आवाज फाटला होता. ओठावर मिसरूड होतं.

विलासला सांगितलं तर तो जेवता जेवता हसला. "आमच्या घराण्यात असंच. मीही एका उन्हाळ्यात ताडमाड झालो होतो."

"आठव्या वर्षी?"

त्यानं आमटी वाढून घेतली.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी ती वाती टाकून बाहेर धावली. निहार बापाच्या शर्टात बसला होता आणि शर्ट खांद्यात आवळत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एकच जीव उरला होता.

"बंद कर ते!"

"बंद केलं तर हाही जाईल." तो शांतपणे म्हणाला. हल्ली तो फार शांत बोलायचा. "पॉज केलं तर राहील."

बटण तिनं स्वतःच दाबलं. टोपीवाला खड्ड्याच्या वर, उडीच्या मध्येच लटकून राहिला.

टीव्हीवर तिनं आपलं रेशमी लुगडं टाकलं.

"टीव्हीला सोवळं नेसवलंस होय?" विलास म्हणाला. "आणि माझ्या बातम्या?"

"चार दिवस कळ काढा हो."

"चार दिवसांनी काय होणार आहे?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ती लुगड्याचं टोक उचलून बघायची. टोपीवाला जिथल्या तिथं. चौकटीवरची खूणही जिथल्या तिथं.

पाचव्या दिवशी तिनं नुकती समई लावली होती. वीज गेली.

सगळी गल्ली अंधारली. पंखा घरघरत थांबला. लुगड्याखाली काहीतरी बारीक चरचरलं.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, तिनं शिकवलं होतं तसंच, हळू, "मोठा झालो."

वेताची खुर्ची करकरली. पावलं घासत घासत देवघराकडं आली. मध्ये एकदा थांबली, दम खायला.

रोजच्यासारखा तो तिच्या शेजारी बसला आणि त्यानं हात जोडले.

श्यामलानं वर पाहिलं नाही. समईच्या उजेडात फक्त हात दिसत होते. शिरा, तपकिरी डाग, सुरकुतलेली सैल कातडी. काळा दोरा हडकुळ्या मनगटावरून घसरून कोपरापाशी गेला होता.

"आई, भूक लागली गं," तो म्हणाला. "भात जरा मऊच कर."